मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे

विषय क्रमांक एक.

ग्रामसेवक दयाराम रजिस्टर उघडून उभे राहिले तेव्हा तानाबाई पहिल्या रांगेत बसली होती. ताडपत्रीवरची पहिली रांग पुरुषांची, असं कुठं लिहिलेलं नाही. पण वस्तीतली बाई आजवर तिथं बसली नव्हती. ती बसली. मांडी घालून, पदर खोचून, भांडायला आल्यासारखी. भांडायलाच आली होती.

शेजारी छाया. छायानं तिला एकच गोष्ट चारदा समजावली होती.

"हे इतिवृत्त आज कायम झालं, की वर आपलं कोनी आयकनार नाई. नाई झालं, तं चिखलीच्या मोठ्या साहेबाले कागद पाहाच लागतीन. मंग त्या चिठ्ठ्या मोजा लागतीन. मंग रस्ता."

मंग रस्ता. बाकीचं डोक्यावरून गेलं असतं तरी तानाबाईला तेवढं पुरलं असतं.

"दिनांक नऊ ऑक्टोबर रोजी सकाळी अकरा वाजता ग्रामपंचायत कार्यालयासमोर ग्रामसभा सुरळीतपणे —"

सुरळीतपणे.

रस्ता असा. वस्तीतल्या अकरा घरांची शेतं नाल्याच्या पलीकडं. कोणाचं दीड एकर, कोणाचं दोन. तिकडं जायला जुनी पांधण, गाडीवाट, गजेंद्रच्या वावराला लागून. गजेंद्रनं दर नांगरटीला त्यातली हात-हातभर जमीन आत घेतली. दहा वर्षांत पांधणीची पायवाट झाली, मग पायवाटही धुऱ्यात, बांधात गेली. मळणीयंत्र जाईना. अकरा घरच्या बाया सोयाबीनची गंजी फोडून डोक्यावरून आणायच्या, दीड किलोमीटर, नाल्यातून, मान मोडेस्तोवर.

तेव्हा छाया तंटामुक्त समितीची अध्यक्ष झाली. गावातलं भांडण ठाण्यात जाण्याआधी गावातच मिटवायचं, हे त्या समितीचं काम. अध्यक्ष ग्रामसभा निवडते, आणि वर्षानं ग्रामसभाच ठरवते, हाच ठेवायचा की काढायचा. गावात शब्द गजेंद्रचा चालायचा, छायाला बसवलं ते त्यानंच. चुलत भावजय, घरी शिलाई मशीन चालवते, सांगू तिथं सही करेल.

तिनं नकाशा मागवला. भर उन्हात दोरीचं एक टोक स्वतः धरून मोजलं. दिराकडून लिहून घेतलं: सोळा फूट मोकळे करून दिले, पुन्हा नांगरणार नाही. त्याची सही, पोलीस पाटलाची सही. भादव्यात उडदाला मळणीयंत्र पहिल्यांदा थेट शेतात गेलं. तानाबाईच्या मजूर-टोळीतल्या म्हाताऱ्या सरस्वतीबाईनं त्या यंत्राला हळदकुंकू लावलं आणि ड्रायव्हरलाही लावायला निघाली.

पंधरा दिवसांनी नोटीस लागली. अध्यक्ष कायम ठेवणे अथवा बदलणे. गुप्त मतदान. नऊ ऑक्टोबर, सकाळी अकरा.

नऊ ऑक्टोबर. सोंगणीचे, पीक कापायचे दिवस. सकाळी अकराला वस्तीत कोण असतं? कुत्री असतात.

"— सुरळीतपणे पार पडली. सभेपूर्वी काही महिलांच्या अर्जावरून —"

काही महिला.

एकोणीस. तानाबाई धरून. नावं सांगायची तर दयारामांना येत नाहीत. तिला येतात, झोपेतून उठवलं तरी, कारण दहा वर्षं रोज सकाळी टेम्पोच्या फाळक्याला टेकून ती हीच नावं घेते. टोळी तिची. कोणाच्या वावरात किती बाया, कोण आली, कोण आजारी, कोणाचं पोर कडेवर, सगळा हिशेब तिच्या वहीत.

अर्ज धम्मशीलेनं लिहिला. टोळीत दहावी झालेली ती एकटी. अर्ज असा होता:

आमची टोळी सकाळी साडेसहाला टेम्पोने निघते व दिवस बुडता येते. आम्ही याच गावच्या मतदार आहोत. तरी आमचे मत जाण्याच्या आधी घ्यावे. म्हणाल तितक्या लवकर येऊ.

दयारामांनी तो दोनदा वाचला. कान खाजवला. "असं नियमात नाही," म्हणाले. मग म्हणाले, "नको असंही नाही." आणि कोपऱ्यात लिहून दिलं: सकाळी सहा वाजता मत घ्यावे. खाली सही. तानाबाईनं तो कागद ब्लाउजच्या आत ठेवला, घरी जाऊन तांदळाच्या डब्यात ठेवला, मग झेरॉक्स काढून आणली. एवढी अक्कल तिला होती.

एवढीच.

"— एकोणीस चिठ्ठ्या घेण्यात आल्या. तथापि सदर चिठ्ठ्यांसमोरील नोंद —"

आता येतं ते. तानाबाईनं ताडपत्रीची कड मुठीत धरली.

त्या सकाळी सहाला दयाराम चिखलीहून मोटरसायकलवर आले, मफलर बांधून, डोळे लाल. टेबलावर या मतांसाठी वेगळा स्टीलचा डबा ठेवला, झाकणाला चीर पाडलेला. चिठ्ठ्या ठेवल्या, शिक्का ठेवला. रजिस्टर तानाबाईच्या पुढं सरकवलं. "नावं लिहिलीत मी. तुम्ही घ्या तोवर. मी चहा घेऊन येतो."

गेले.

बाहेर टेम्पो. गोविंदा, टेम्पोवाला, हॉर्न दाबून राहिलेला. "आवरा व बायाहो, मले दुसरी खेप हाये." एकेक बाई आत जाऊन शिक्का मारून, चिठ्ठी डब्यात टाकून पळत टेम्पोत चढत होती. तानाबाईनं रजिस्टरकडं पाहिलं. एकोणीस नावं, पुढं रिकामी जागा. तिच्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. बाई आत गेली, केली खूण. बाई आत गेली, केली खूण. रोजच्यासारखी, तिरकी, शेपटी वर गेलेली. एकोणीस बरोबरच्या खुणा, एका पेनानं, एका हातानं.

सही नाही. अंगठा नाही.

टोळीत कोणी सही करत नाही. टोळीवालीनं खूण केली म्हणजे बाई आली. तीस-तीस एकराचे मालक त्या खुणेवर मजुरी देतात. गजेंद्रनंसुद्धा दिली आहे. आठ वर्षं.

"— एकाच व्यक्तीने केल्याचे निदर्शनास आल्याने श्री. गजेंद्र यांनी हरकत घेतली."

गजेंद्र मागं खुर्चीवर बसला होता. खुर्च्या चारच होत्या. तो हसला नाही. मोबाइल पाहत होता.

"हरकतीच्या अनुषंगाने सदर महिलांना दुपारी दोन वाजेपर्यंत समक्ष येऊन सही अथवा अंगठा देण्याची पुरेशी संधी —"

"थांबा," तानाबाई म्हणाली.

दयाराम थांबले नाहीत. "— पुरेशी संधी देण्यात आली. परंतु त्या उपस्थित राहिल्या नाहीत."

उपस्थित राहिल्या नाहीत.

फोन आला तेव्हा बारा वाजून गेले होते. चिखलीच्या पलीकडं, गावापासून तीस किलोमीटरवर, कारभारी नावाच्या मालकाच्या वावरात त्या वाकलेल्या होत्या. छायाचा आवाज फाटला होता. "तानाबाई, सह्या नाई म्हनते. तुमीच एकटीनं सगळ्या टाकल्या म्हनते. दोनच्या आत या. सगळ्या या."

तानाबाई उभी राहिली. तिनं ओरडून सांगितलं. कोणी काऊन, कशाला विचारलं नाही. विळे उचलले आणि निघाल्या.

कारभारी बांधावरून धावत आला. "अर्ध वावर सोडून चालल्या काय व?"

सरस्वतीबाई म्हणाली, "वावर कुठं पळते बापा? तिकडं गाव पळून चाल्लं."

गोविंदाचा टेम्पो पाचला यायचा होता. फोन उचलेना. डांबरी रस्त्यापर्यंत दोन किलोमीटर, उन्हात, जवळजवळ धावत. एक बस हात दाखवूनही थांबली नाही. मग एक काळीपिवळी जीप थांबली. ड्रायव्हरनं एकोणीस बाया पाहिल्या, एकोणीस विळे पाहिले आणि जागा नाही म्हणायचं मनातच ठेवलं. दोघी टपावर बसल्या. अमडापूरच्या फाट्यावर गाडी तापली. बोनेट उघडून तो पाणी ओतत बसला आणि तानाबाई रस्त्यात उभी राहून घड्याळ विचारत राहिली, येणाऱ्याला, जाणाऱ्याला, शेरडं वळणाऱ्या म्हाताऱ्याला. पावणेदोन. दोन. दोन वाजून वीस.

गावात पोचल्या तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ताडपत्रीची घडी घालून झाली होती. चार माणसं चहा पीत होती.

गजेंद्र म्हणाला, "काय तानाबाई, एकलीच एकोनीस मतं टाकतं, मंग बाकीच्या काऊन आनल्या? दमवल्या फुकट."

चारही माणसं हसली. शिपाईपण हसला, आणि तो वस्तीतलाच होता.

त्या दिवशी तिला बोलताच आलं नाही. हेच तिला साडेतीन महिने खात होतं. तोंड होतं, जीभ होती, गावभर नाव होतं तानाबाईच्या तोंडाचं, आणि त्या घडीला ती फक्त म्हणाली, "साहेब, आता घ्या ना अंगठे." दयाराम म्हणाले, "वेळ संपली, तानाबाई."

वेळ संपली. अकराची वेळ कोणी ठरवली, दोनची कोणी ठरवली, हे तिनं विचारलं नाही. घरी गेली, भाकरी थापताना तव्यावरची भाकर हातानंच उचलली आणि बोटं भाजल्यावर शिव्या घातल्या. गजेंद्रला थोड्या. स्वतःला जास्त. एका अंगठ्याला किती वेळ लागतो? गोविंदानं हॉर्न दाबला म्हणून? दहा वर्षांची सवय म्हणून? एकोणीस बायांचं मत तिनं आपल्या हातानं, आपल्या त्या फुकटच्या ऐटबाज खुणेनं —

"सबब सदर एकोणीस चिठ्ठ्या रद्द करून पाकिटात सीलबंद ठेवण्यात आल्या. उर्वरित मतमोजणी पुढीलप्रमाणे. अध्यक्ष कायम ठेवावा, एकसष्ट. बदलावा, बहात्तर."

अकराचा फरक. पाकिटात एकोणीस.

हे गणित वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही येत होतं.

"बहुमताने श्री. शेषराव यांची नवीन अध्यक्ष म्हणून निवड करण्यात आली."

शेषराव भला माणूस. इतका भला, की नोव्हेंबरात गजेंद्रनं रोटाव्हेटर घालून सोळाचे सोळा फूट उलटले तेव्हा तो पंढरीनाथ डॉक्टरकडं दात काढायला गेला होता. परत आला तर हरभरा पेरून झालेला. तोंडाला फडकं बांधून म्हणाला, पीक उभं आहे, आता पीक निघाल्यावर पाहू. आता त्या रस्त्यावर हरभऱ्याला घाटे धरलेत.

दयारामांनी चष्मा काढला. "इतिवृत्त वाचून झालं. कायम करायचं?"

"मंजूर," मागून दोन-तीन आवाज आले.

"नामंजूर," तानाबाई म्हणाली.

"नामंजूर," छाया म्हणाली. आणि मग मागं, भिंतीच्या कडेनं, जिथं बाया बसतात तिथून. आज सव्वीस जानेवारी. आज कोणाच्याच वावरात जायचं नव्हतं. टोळीतल्या बाकीच्या अठरा आणि वर पंचवीस-तीस, सासवा, सुना, सोबत अकरा घरचे पुरुष.

दयाराम हसल्यासारखं करून म्हणाले, "तानाबाई, याच्यावर मतदान नसतं. ही नुसती पद्धत आहे. वाचायचं आणि कायम करायचं."

"मंग वाचून काऊन दाखोता?"

"तुम्हाला कळावं म्हणून."

"कळलं. चूक हाये. आमी आलो होतो. लिहा, तीन वाजून दहा मिनिटानं आल्या, आन अंगठे घ्या म्हनल्या, आन घेतले नाई. आन तुमचा कागद होता सकाळी सहाचा, तो काऊन नाई याच्यात? लिहा, साह्यब चहा प्याले गेले होते."

मागं कोणीतरी खोकलं. हसू दाबलेलं.

"खुना म्या केल्या," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "सगळ्याइच्या. चुकलं माह्यं. तेबी लिहा. पन मतं त्याइची हायेत. ते पाकीट कपाटात हाये ना? आना. मोजा इथं."

"रद्द चिठ्ठ्या मोजत नाहीत."

"मोजून मंग रद्द करा. आकडा तं कळू द्या गावाले."

गजेंद्र खुर्चीवरून उठला. मोबाइल खिशात ठेवला. "भावजय, तुमी शिकोलं काय हे इले?" आणि छायानं उत्तर द्यायच्या आत दयारामांना म्हणाला, "लिही रे बहुमतानं कायम. घे दुसरा विषय. झेंडावंदनाच्या दिवशी तमाशे."

"बहुमत मोजलं कोनं?" तानाबाईनं विचारलं. "हात वर करा व बायाहो."

हात वर झाले. दयारामांनी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मोजावे लागले असते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, हातातलं रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि शेवटच्या ओळीखाली, मोकळ्या जागेत, पेन टेकवलं.

तानाबाई उठली, दोन पावलं टाकली आणि पानावर हात ठेवला.

पंजा. पूर्ण. बोटं पसरून. सोंगणीचा हात, नखांच्या कडा काळ्या, अंगठ्याला विळ्याचा जुना वण. मोकळी जागा त्याच्याखाली झाकली गेली, आणि वरच्या चार ओळीही.

"हात काढा, तानाबाई."

"नाई काढत."

"हे सरकारी दप्तर आहे."

"माह्यंच हाये मंग."

"मी ठाण्यात फोन करीन."

"करा. फोन कराले तुमाले दुसरा हात हाये."

कोणी हसलं नाही. गजेंद्र टेबलापर्यंत आला, तिच्या मनगटाकडं पाहिलं, मग भिंतीच्या कडेला पाहिलं. तिथल्या बायांनी वर केलेले हात खाली घेतले नव्हते, आणि सरस्वतीबाई तर उठून उभीच राहिली होती. तो तिथंच थांबला. मनगट धरायचं तर सगळ्यांसमोर धरावं लागलं असतं.

"दयाराम," तो म्हणाला, "दुसरा विषय घे."

दयारामांनी पेन हातात धरून ठेवलं. दुसरा विषय पान उलटल्यावर होता.