एकटीचं भाडं

पोस्टरवर जहाज होतं, निळं पाणी होतं आणि भाड्याचा आकडा इतका लहान होता की मी भर रस्त्यात थांबले. आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी होती. तीस वर्षं कापडावरच्या खडूच्या खुणा बघण्यात गेलीत, असल्या गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत. चांदणीचा खुलासा अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत होता: एका खोलीत दोघे राहिल्यास, प्रत्येकी.

"आणि एकटं असेल तर?" मी त्या प्रवास कंपनीच्या दुकानात जाऊन काउंटरवरच्या चष्मेवालीला विचारलं.

"मग दोघांचं भाडं, मावशी. खोलीत पलंग दोन असतात ना."

"दुसऱ्यावर कोण झोपणार?"

"कुणीच नाही."

"मग त्या कुणीच नाहीचे पैसे मी का भरू? तो जेवायला येणार आहे का?"

ती हसली, पण भाडं काही उतरवेना. दुसऱ्या दुकानात म्हणाले, खोलीत एखादी अनोळखी बाई देऊ. तिसऱ्यात विचारलं, "मैत्रीण नाही का कुणी?" आहेत की, चांगल्या चार आहेत. त्यांना चुकवूनच तर जायचं होतं.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. लहानपणी आम्ही चौघं भावंडं एका खोलीत. नोकरी लागल्यावर वसतिगृहात सहाजणी. आणि शेवटची एकोणीस वर्षं आईच्या खाटेशेजारी माझी गादी. आई रात्री हाक मारायची, म्हणून दाराला कडी लावायची नाही. न्हाणीघराच्यासुद्धा नाही. आईवर माझा राग नाही. तिच्यासाठी उठले आणि आज असती तरी उठले असते. पण ती गेली, खाट उचलली आणि त्याच आठवड्यात तिथे दादाची नात अभ्यासाला आली. मी आजही दार नुसतं लोटून घेते. मला थोडे दिवस आतून कडी असलेली खोली हवी होती आणि ती अशा जागी हवी होती जिथे घरून कुणी हाक मारली तरी पोचणार नाही. यात चैन कसली आलीय, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

दादाने तर वेगळाच तोडगा काढला. "छोटी, एकटी कशाला? वहिनीच्या बहिणीला घेऊन जा. भाडं निम्म्यावर येईल." सत्तावन्न वर्षांची मी, याच्यासाठी अजून छोटीच. आणि वहिनीच्या बहिणीला आम्ही घरात रेडिओ म्हणतो, कारण ती झोपेतही बोलते. मी नको म्हटलं आणि विषय संपला असं समजले. तिथेच चुकले.

माझं काम गणवेश कापण्याचं. परिचारिकांचे, पहारेकऱ्यांचे, हॉटेलवाल्यांचे. एका जहाज कंपनीची ऑर्डरही वर्षातून दोनदा येते: एकदा पांढरे सुती कोट, एकदा निळे जाड कोट. त्या आठवड्यात निळ्या कापडाचे थर लावून मी खडूने आखत होते. ऑर्डरच्या कागदावर दरवेळची ओळ होती, माल जहाज निघण्याच्या आत पोचला पाहिजे. अकरा वर्षं ती ओळ मी मालकाची कटकट म्हणून वाचली होती. त्या दिवशी खडू हातातच राहिला. पांढरा कोट काढून निळा घालतात, म्हणजे जहाज ऊन सोडून थंडीकडे जातं. मग एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जाताना त्यात बसतं कोण?

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून चष्मेवालीकडे गेले. ऑर्डरच्या कागदावरचं जहाजाचं नाव आणि निघायची तारीख मला पाठच होती.

"ही फेरी?" तिने कॉम्प्युटरवर शोधलं. "हिला फारसं कुणी जात नाही, मावशी. नऊ दिवस नुसतं पाणी. मध्ये एक बंदर नाही. आणि तिकडून विमानाने परत यायचं."

"खोल्या रिकाम्या असतील?"

"अर्ध्याहून जास्त."

"मग एकटीचं भाडं सांगा."

तिने चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. "या फेरीला एकटीला जादा भाडं नाही. पण खोली आतल्या बाजूची. खिडकी नाही."

"आतून कडी आहे?"

"काय?"

"कडी. दाराला."

"असेल की!"

परतीचं विमान धरूनही सगळं त्या दोघांच्या भाड्याच्या आत बसत होतं. मी तिथल्या तिथे आगाऊ रक्कम भरली आणि फॉर्मवर सवयीने घरचा फोन नंबर लिहिला.

चार दिवसांनी रात्री ताटं वाढली होती तेव्हा दादा मोठ्या आनंदात म्हणाला, "छोटी, तुझं काम फत्ते. त्या बुकिंगवालीचा फोन आला होता. दुसरा पलंग उगाच फुकट जात होता. मी रेडिओचं नाव घालून टाकलं. तिचं भाडंही मी भरणार."

"तुझ्या काळजीपोटीच हो," वहिनी म्हणाली.

मी घास खाली ठेवला.

"एकोणीस वर्षं मी आईच्या रात्री काढल्या, दादा. तेव्हा मला सोबत लागेल असं तुला एकदाही वाटलं नाही. मग आताच कसं वाटलं?"

नात ताटाकडे बघत बसली. दादाचा चेहरा पडला, आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं. पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

"उद्या जाऊन ते नाव काढते," मी म्हटलं. "माझ्या नावाखालची ओळ कोरी राहील."

"काही झालं तर मग आम्हाला सांगू नकोस," दादा म्हणाला.

"नाही सांगणार. नऊ दिवस कुणालाच काही सांगणार नाही. त्यासाठीच चाललेय."

सकाळी दुकान उघडायच्या आत मी पायरीवर हजर होते. चष्मेवालीने माझ्यासमोर नाव खोडलं आणि नवा कागद छापून दिला. त्यावर मी एकटी होते.

जहाजावर खोली दाखवायला आलेल्या माणसाच्या अंगात निळा कोट होता. खांदा नीट बसला होता. खोली आमच्या कापायच्या टेबलाएवढी, पलंग दोन, खिडकी नाही.

"दुसऱ्या बाई मागून येतायत?" त्याने विचारलं.

"नाही. मी एकटीच आहे."

"मग हा पलंग भिंतीला उचलून लावू?"

"राहू द्या. आज यावर झोपेन, उद्या त्यावर."

तो गेला. मी दार लावलं. हँडलच्या वर एक छोटा पितळी खटका होता, तो फिरवला. मग उघडून पुन्हा फिरवला. पलंगावर आडवी झाले तेव्हा रडू आलं, आणि डोळे पुसायची घाई नव्हती.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. "बाई, काही हवंय का?"

माझे पाय सवयीने खाली गेले. जमिनीला लागले. मी ते पुन्हा वर घेतले, पांघरूण ओढलं आणि पडल्या जागेवरून मोठ्याने सांगितलं, "काही नको!"

मी उठले नाही.