मापनळीच्या गळ्यातला दोरा

"सुरुची, पूजेचा दोरा आपण सोडायचा नाही हं. तो आपोआप सुटेल तेव्हा सुटेल."

मृणालिनीताईंचे हे शब्द मी अजून विसरलेले नाही. त्यांचा आवाज इतका हळू, की देव्हाऱ्यातल्या समईची ज्योतही हलली नसती. पण त्याच शब्दांमुळे मी वर्षभर खोटं बोलत राहिले.

मित्रांनो, मी एक जुनी काचेची मापनळी आहे. खाऱ्या पाण्याचा दाटपणा मोजणं हे माझं काम. माझं पोट फुगीर आहे आणि त्यात शिशाचे बारीक छर्रे आहेत. मान लांब आणि बारीक, आणि मानेच्या आत आकड्यांची कागदी पट्टी. मला पाण्यात सोडलं की मी उभी तरंगते. पाणी जितकं दाट, तितकी मी वर येते आणि मोठा आकडा दाखवते. माझ्या मानेवर जरासं जरी वजन आलं, तरी मी खाली जाते आणि आकडा कमी दिसतो. माझं सगळं शास्त्र एवढंच.

एका काच-कारागिराने मला फुंकून घडवलं. तिथून मी भाईंदरच्या मिठागरात आले. तिथे दाजी नावाचे तरुण कामगार होते. वाफ्यातल्या पाण्यात ते मला सोडत, आकडा बघत आणि मग बोट बुडवून तेच पाणी जिभेला लावत. पंचवीस अंशांवर मीठ खाली बसायला लागतं. अशी वर्षानुवर्षं माझ्या आकड्यांवर त्यांची जीभ तयार झाली. पुढे त्यांना माझी गरजच उरली नाही. मी त्यांच्या ट्रंकेत, जुन्या धोतराच्या घडीत जाऊन पडले. वाईट वाटलं, पण राग नाही आला. शिष्य शहाणा झाला की गुरूने बाजूला व्हायचंच असतं.

राग आला तो नंतर, आणि तोही स्वतःचाच.

दोन हजार सहा साली भाईंदरच्याच जेसल पार्क वस्तीतली सुरुची मिठागरावर आली. दहावी झाल्यावर तिने परदेशी बोर्डाचा दोन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय डिप्लोमाला प्रवेश घेतला होता. आपल्याकडे तेव्हा ते फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. समोरच्या पिंकीच्या मम्मीने तर दारातच हळहळ व्यक्त केली होती, "डिप्लोमा मतलब पॉलिटेक्निक ना? इतने अच्छे मार्क्स थे बेचारी के!"

"नहीं भाभी, बारहवी जैसाही है. बस, बोर्ड बाहर का है," सुरुचीच्या आई मृणालिनीताई समजावत. महिन्यातून दोनदा तरी समजावत.

त्या अभ्यासक्रमात सहा विषय असतात आणि शिवाय स्वतः शोध घेऊन चार हजार शब्दांचा एक निबंध लिहायचा असतो. सुरुचीने मीठ हा विषय घेतला. आपल्या घराच्या मागे पांढरे ढीग दिसतात, ते होतात कसे, हे तिला शोधायचं होतं. दाजी आता म्हातारे झाले होते. त्यांनी ट्रंक उघडली आणि मला तिच्या हातात दिलं.

"ने गो बाय. पडली बिडली तर रडू नको, पन जप."

तिने जपलं. अगदी डोळ्यांत तेल घालून जपलं. आणि दसऱ्याला तिच्या आईने पाटावर पुस्तकं मांडली, कॅल्क्युलेटर मांडला, मलाही ठेवलं. हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या मानेला लाल-पिवळा सुती दोरा तीन वेढे देऊन बांधला. वर गाठ मारली.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या वर्षांत कोणी माझी पूजा केली नव्हती. त्या घरात रोजचा नेम होता. सोमवारचा उपवास, संध्याकाळचा दिवा, तुळशीला पाणी. अशा घरातला दोरा म्हणजे आशीर्वादच. तो पूजेपुरता ठेवून कामाला निघताना हलकेच उतरवला असता आणि देव्हाऱ्यात ठेवला असता, तर काही बिघडलं नसतं. पण ताईंनी ते वाक्य म्हटलं आणि सुरुचीने मान डोलावली.

जानेवारीत वाफे तापले. दर शनिवारी सुरुची मला घेऊन यायची. पहिल्याच दिवशी दोऱ्याने पाणी प्यायलं आणि माझी मान जड झाली. मी खाली गेले. वाफ्याच्या तळाशी मिठाची पांढरी कणी दिसायला लागली होती, आणि मी दाखवत होते तेवीस!

"तेवीस," सुरुचीने वहीत लिहिलं.

दाजींनी बोट जिभेला लावलं. "तेवीस न्हाय गो बाय. पंचवीस हाय."

"आजोबा, नळीवर स्पष्ट दिसतंय."

"दिसत असंल. पानी पंचवीस हाय."

सुरुचीने त्यांचाही आकडा कंसात लिहून ठेवला, पण मनातून तिला तो पटला नाही. मी आतल्या आत ओरडत होते, अगं पोरी, माझ्या मानेकडे बघ! एकदा तिचं बोट गाठीपर्यंत गेलंही. मग आईचं वाक्य आठवलं असावं. तिने बोट मागे घेतलं.

त्या अभ्यासक्रमात एक विषयच असतो, मित्रांनो, की आपल्याला जे कळतं ते कशावरून कळतं. त्या विषयात सुरुचीला उत्तम गुण होते. माणसाची जीभ फसते, डोळे फसतात, म्हणून यंत्र लागतं, असं तिने वर्गात छान मांडलं होतं. यंत्राच्या गळ्यात काय आहे, हे मात्र वर्गात कोणी विचारलं नाही.

मिठागराचा मुकादम दशरथ. त्याला या सगळ्याची भारी गंमत वाटायची. एका शनिवारी दहा-बारा माणसांसमोर तो म्हणाला, "दाजी, आता जिभंला पेन्शन द्या! पोरगी इंटरनॅशनल हाय, तुमी भायंदरचं!"

सगळे हसले. सुरुचीही हसली. दाजीही थोडे हसले. पण त्या दिवसानंतर त्यांनी बोट पाण्यात घातलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "नळीला इचार."

मला विचारायचं! ज्या जिभेला मी घडवलं, तिला मीच खोटं पाडत होते. एकेका शनिवारी दोऱ्यावर मिठाचा थर चढत होता आणि माझी लाज वाढत होती. सांगायला तोंड नाही, हलायला हात नाही. वस्तूचा जन्म किती लाचार असतो, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

मे संपला. सुरुचीने निबंध लिहिला. भाईंदरच्या आगरात मीठ तेविसावरच बसतं, असा तिचा शोध होता. आणि खाली एक ओळ होती: जुन्या कामगारांचा जिभेचा अंदाज सरासरी दोन अंशांनी चुकतो. शाळेतले पराग सर खूश झाले. असा निष्कर्ष कोणाचाच नाही म्हणाले. निबंध नोव्हेंबरात परदेशी परीक्षकांकडे जायचा होता. एकदा गेला की दाजी कायमचे चूक ठरणार होते, तेही कागदावर.

पुढचा दसरा आला. निबंधात घालायला सुरुचीला माझा फोटो हवा होता. तिने उंच बरणीत वाफ्याचं साठवलेलं पाणी ओतलं आणि मला त्यात सोडलं. तेवीस. तेवढ्यात ताई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या.

"थांब गं, आधी गंध लावते." त्यांनी मला उचललं, आणि मिठाने कुजलेला दोरा त्यांच्या बोटांत गळून आला.

"सुटला गं आपोआप," त्या समाधानाने म्हणाल्या.

गंध लावून त्यांनी मला परत पाण्यात सोडलं. मी वर आले. किती दिवसांनी वर आले! पंचवीस.

सुरुची बघतच राहिली. तिने तो दोरा घेऊन माझ्या मानेवर ठेवला. तेवीस. काढला. पंचवीस. असं तिने सात वेळा केलं. मग वही उघडून कंसातले आकडे बघितले.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"आई, आजोबा बरोबर होते. बोट लावलं त्या सगळ्या शनिवारी."

ताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे..."

"बांधलास तू. पण मोजत मी होते ना."

तिने लगेच पराग सरांना फोन लावला. सर ओरडले नाहीत, फक्त थकलेल्या आवाजात बोलले. "सुरुची, तीन आठवडे राहिलेत. तुझे अपेक्षित गुणही बोर्डाला कळवून झालेत. सगळीकडे दोन मिळव आणि पुढे जा."

"दोन मिळवता येत नाहीत, सर. दोऱ्यावर मीठ कधी चढत होतं, कधी गळत होतं. कधी किती होतं, ते मला माहीतच नाही."

"मग चुकांच्या परिच्छेदात एक ओळ टाक. निष्कर्ष चांगला आहे, तो मोडू नकोस. परीक्षक काही भाईंदरला येणार नाहीत."

"आणि दाजींचं काय, सर?"

"दाजी कोण?"

"ज्यांना मी चूक ठरवलंय."

मग सर म्हणाले, "गुण कमी होतील. तुझी तयारी आहे का, बघ."

पुढचे पंधरा दिवस ती त्या पानांशी भांडत होती. चिडत होती, रडत होती, ताईंनी आणलेलं दूध तसंच गार होत होतं. तेविसाचा शोध तिने स्वतःच्या हाताने खोडला. दोऱ्याची हकीकत जशीच्या तशी लिहिली. दाजींबद्दलची ओळ काढली आणि वहीतले कंसातले आकडे तारखांसकट मांडले. खाली लिहिलं, की या वाफ्यांची त्या हंगामातली विश्वासाची मोजणी एवढीच आहे.

शेवटचं पान छापून झालं तेव्हा ताई म्हणाल्या, "त्यांना सांगशील ना गं?"

"सांगेन. दशरथकाकांसमोर, सगळ्यांसमोर. हसले तेव्हाही सगळेच होते."

"शब्द दे."

"दिला."

मित्रांनो, दोऱ्यावर माझा राग नाही, पूजेवर तर नाहीच नाही. माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्या साधनांना जपा, गोड्या पाण्याने धुवा, वेळच्या वेळी तपासा. आणि जन्मभर एक काम केलेल्या माणसाचं म्हणणं आमच्याशी जुळलं नाही, तर त्याला हसण्याआधी आम्हाला एकदा उलटसुलट करून बघा. आम्हाला सांगता येत नाही हो.

शनिवार उजाडला. पावसाळ्यात खचलेले बांध लिंपायला सगळी माणसं मिठागरावर आली असणार. सुरुचीने मला मऊ फडक्यात गुंडाळलं, पिशवीत छापलेली पानं ठेवली आणि देवाला नमस्कार केला.

"मी येऊ का गं बरोबर?" ताईंनी विचारलं.

"नको. हसले तेव्हाही तू बरोबर नव्हतीस, आई."

तिने दार आवाज न करता ओढून घेतलं आणि ती जिना उतरू लागली.