कडेचे तारे

नवं आयपीस फसवं आहे, हा निकाल बसड्रायव्हरने चहा गार व्हायच्या आत देऊन टाकला. परसातल्या दुर्बिणीला, डोळा लावतात त्या टोकाला, आधी जुनं आयपीस लावून त्याने कृत्तिकांचा पुंजका पाहिला. मग ते काढून नवं, लिंबाएवढं जाडजूड लावलं आणि पुन्हा पाहिलं. आकाश दुप्पट रुंद दिसेल, असं दुकानदार म्हणाला होता. दिसलं ते तेवढंच: मधोमध चार-पाच तारे, भोवती काळोख.

“चुना लावला त्याने,” तो म्हणाला. “नुसतं वजन वाढलंय.”

बायको दोरीवरचे कपडे काढत होती. “नव्या वस्तूत खोट काढल्याशिवाय तुम्हाला कधी चैन पडलंय?”

“तू बघ, मग बोल.”

खांद्यावर टॉवेल टाकून ती वाकली. आजवर ती दुर्बिणीत पाहायची ती बहुतेकदा नवऱ्याचं मन राखायला. या वेळी मात्र वाकली ती वाकलीच.

“अहो, जुनं म्हणजे पाइपातून बघणं होतं. ही तर खिडकी उघडलीय. सगळा पुंजका मावलाय, आणि वर पार कडेला तीन तारे ओळीत.”

“डोळा फिरवत असशील.”

“मधल्या ताऱ्यावर नजर ठेवायची, हलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? तशीच बघतेय. कडेचे आपोआप दिसतात.”

तो पुन्हा वाकला. मधल्या ताऱ्यावर नजर रोवली. कडेला काही नव्हतं. मग स्वतःचाच नियम मोडून त्याने डोळा वर फिरवला. तिथे तीन तारे होते, ओळीत. नजर मध्ये आणली, ते गेले.

दुकानदार निर्दोष सुटला.

गेल्या महिन्यात डेपोच्या फाटकाला बसचा डावा आरसा घासला होता. त्याआधी एक सायकलवाला थोडक्यात वाचला होता. ‘कुठून उगवला कोण जाणे,’ असं त्याने घरी सांगितलं होतं. डेपोने डोळे तपासून घ्यायला सांगितलं, तर शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं वाचतो मी, म्हणून त्याने उडवून लावलं होतं. ते खरंही होतं.

“इकडे दिव्याखाली ये. माझ्या बाजूला उभी राहा, हात वर कर.”

“केव्हाचा वर केलाय.”

तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. “पुढे आण. अजून.”

हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा बोटं दिसली. दुसऱ्या बाजूनेही तेच. तिने हात खाली घेतला.

त्याने दुपारपाळीच्या जोडीदाराला फोन लावला. “उद्या सकाळची गाडी तू काढ. ताप नाही रे, डोळे दाखवायचेत. परवाचीही धरून चाल.” पलीकडून काहीतरी आलं. “म्हातारा झालो, हे बायकोला कधीच कळलंय. तुलाच उशिरा कळतंय.”

फोन ठेवून तो पायरीवर बसला.

“डॉक्टरने गाडी चालवायला बंदी केली तर?” तिने विचारलं.

“करू दे. पाइपातून बघत भरलेली बस नेत होतो मी.”

तिने नव्या आयपीसवर बोट ठेवलं. मग तिने विचारलं, “हे परत करायचं का मग?”

“कशाला? तुला दिसतंय ना.” त्याने चहाचा पेला उचलला. “त्या तिघांच्या पलीकडे काय आहे, सांग.”