दहाच्या आत

दर रविवारी मी घरच्यांना पत्र लिहिते. असतो ई-मेलच, पण आमच्यात त्याला पत्रच म्हणतात. वर विद्यापीठाच्या बातम्या, खाली आईच्या. विद्यापीठ म्हणजे माझा मुलगा ब्रेंट आणि त्याची फुटबॉल टीम. आमच्या गावात शनिवारी विद्यापीठाची मॅच असते आणि बाकीचे सहा दिवस मॅचची वाट बघण्यात जातात. बाहेरच्यांना याचं हसू येतं. येऊ दे.

ब्रेंट चार वर्षं टीममध्ये होता आणि चार वर्षं बाकावर बसून होता. हे त्याचं शेवटचं वर्ष. ऑगस्टमध्ये करोनाच्या साथीमुळे सगळा हंगामच रद्द झाला, तेव्हा मी डोक्यात राख घालून घेतली. ‘आमच्या पोरांना खेळू द्या’ असा फलक धरून स्टेडियमच्या दारात दोन दिवस उभी राहिले. पेपरात फोटोही आला. पत्रात तो मी सगळ्यात वर चिकटवला होता.

आई वृद्धाश्रमात. वय चौऱ्याऐंशी, नाव आर्डिस, आणि हट्टाच्या बाबतीत माझीच आई. मार्चपासून तिला खिडकीतूनच बघायचं. तिनं हळूहळू खाणं सोडलं. परक्या माणसानं पुढे केलेला चमचा ती तोंडात घेईना. ऑक्टोबरात नियम आला की जिल्ह्यात शंभर चाचण्यांमागे बाधित दहाच्या आत असतील, तर घरच्या एका माणसाला आत सोडतील. आमचा आकडा आठ होता. मी आठवड्यातून तीनदा जाऊन तिला बटाट्याचं सूप भरवू लागले. महिन्याभरात तिचं वजन दोन किलो वाढलं. डार्ला नर्स म्हणाली, “जनेल, तुमच्या हातात काय आहे कोण जाणे. आमच्यासमोर ओठ मिटून बसतात नुसत्या.”

“सूपात मीठ घालते मी,” मी म्हटलं. “तुम्ही घालत नाही.”

आईला सगळं कळायचं. रोज टीव्हीवर आकडा बघायची. “आज नऊ आहे,” ती मला सांगायची. “सांभाळून राहा गं. तू आली नाहीस तर ही माणसं मला जेली खायला घालतील.”

त्याच महिन्यात हंगाम परत सुरू झाला. आमचं म्हणणं ऐकलं म्हणून आम्ही आईबाप हवेत होतो. पहिली मॅच परगावी होती, प्रेक्षकांना बंदी. मग मी टीममधल्या पोरांच्या आईबापांना टीव्हीवर मॅच बघायला घरी बोलावलं. घरात नाही हं, गॅरेजमध्ये. गॅरेजचं दार उघडं ठेवलं की ते बाहेर बसल्यासारखंच, असं आमच्या गावात सगळे धरून चालायचे. मोठ्या पातेल्यात राजमा-खिम्याची चिली केली, सोबत दालचिनीचे रोल. सोळा माणसं, खुर्च्या लांब लांब मांडल्या. वारा बोचरा होता, म्हणून मॅचच्या उत्तरार्धात कुणीतरी दार अर्ध्यावर ओढलं. मी बघितलं आणि काही बोलले नाही.

शेवटच्या दहा मिनिटांत ब्रेंट मैदानात उतरला. चार वर्षांत पहिल्यांदा. खुर्च्या कुठल्या कुठे गेल्या. सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या, मीही मारल्या, कुणी रडलं, मी तर रडलेच. इतका आनंद मला त्या सबंध वर्षात झाला नव्हता.

रविवारच्या पत्रात मी लिहिलं, ‘ब्रेंट खेळला. आई चार चमचे जास्त जेवली.’ गॅरेजबद्दल अवाक्षर नाही.

गुरुवारी मला वास येईना. सोळापैकी आम्ही सात जण बाधित निघालो. आमचा जिल्हा केवढासा. पुढच्या आठवड्यात आकडा चौदावर गेला आणि वृद्धाश्रमाचं दार बंद झालं. एकट्या आमच्या गॅरेजनं तो चढवला असं नाही, विद्यार्थ्यांच्या पार्ट्याही गल्लोगल्ली चालू होत्या. पण त्यात आमचे सात होते, आणि त्यातली एक मी होते.

डेन्व्हरहून कर्टचा, माझ्या भावाचा, फोन आला. “पत्रात तुझ्या आजारपणाचं काहीच नाही? ब्रेंटकडून कळतंय मला.”

“किरकोळ होतं रे.”

“फलक धरायला तूच पुढे होतीस ना?”

“तू इतक्या लांबून मला शिकवू नकोस,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. तो खरं बोलत होता, म्हणूनच मला राग आला.

बरी झाल्यावर मी रोज खिडकीपाशी जायचे. आत डार्ला चमचा धरायची, बाहेर मी तोंड उघडून दाखवायचे, तान्ह्या मुलाला दाखवतात तसं. आई माझ्याकडे बघायची आणि ओठ मिटायची. आकडा सतरा झाला. मग एकोणीस.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आमच्याच मैदानावर मॅच होती. खेळाडूंच्या घरच्यांना त्या दिवशी आत सोडणार होते. ब्रेंट पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणार होता. मी जॅकेट घालत होते, तेवढ्यात डार्लाचा फोन आला.

“जनेल, तुम्ही आज आत येऊ शकता,” ती म्हणाली. “हवा तेवढा वेळ बसा.”

मी स्टेडियमऐवजी वृद्धाश्रमाकडे निघाले. आकडा एकोणीस असताना कुणाच्या घरच्यांना आत सोडतात, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

मला झगा, हातमोजे, मास्क सगळं चढवलं. आई उशीत रुतली होती. ऑक्टोबरात वाढलेलं वजन केव्हाच गेलं होतं. मी सूपाचा चमचा तिच्या ओठांना लावला. तिनं ओठ ओले केले, तेवढंच.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. “तुला कसं सोडलं?”

“आकडा खाली आला, आई.”

“किती?”

“आठ.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “मग उद्या ब्रेंटला पाठव.”

मी हो म्हटलं.