फाटक्या मुसक्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुनं मुसकं आहे. मळणीच्या वेळी बैलांनी कणसात तोंड घालू नये म्हणून त्यांच्या तोंडाला दोरीची जाळी बांधतात ना, तीच मी. गारगोटीजवळच्या एका वस्तीवर आण्णांनी मला वाखाच्या दोरीनं विणलं. आलेले पाव्हणे माझी वीण हातात घेऊन बघायचे. पुढं मळणीयंत्र आलं, बैल गेले, आण्णाही गेले. मी गोठ्यातल्या खुंटीवर राहिलो. एका पावसाळ्यात उंदरांनी माझा तळ कुरतडला. कुणी पाहिलं नाही.

परवा सकाळी आण्णांची सून स्वप्नाली म्हशीवर गोचिडांचं औषध फवारणार होती. शिकलेली पोर. बाटलीवरचं बारीक अक्षर तिनं दोनदा वाचलं. म्हशीला आधी पोटभर पाणी पाजलं, गव्हाणीतला चारा काढला. औषध वाळेपर्यंत म्हशीनं अंग चाटू नये म्हणून तिनं मला खाली उतरवलं. भोक तिला लगेच दिसलं.

"आत्या, हे फाटलंय. सुतळी द्या, सांधते."

"तुझ्या सासऱ्याच्या हातचं हाय ते, सुतळी लावू नगंस," तिच्या सासूबाई तानाबाई म्हणाल्या. "एवढ्याशा भोकातनं म्हस काय मुंडी भाईर काढतीया व्हय?"

तेवढ्यात आत पाळण्यातली मुलगी रडू लागली. स्वप्नालीनं मला म्हशीच्या तोंडाला बांधलं, घाईनं फवारणी उरकली आणि हात साबणानं धुऊन ती आत पळाली.

म्हशीनं मान वळवली. मित्रांनो, तिची जीभ माझ्यातूनच बाहेर गेली. तिनं कूस चाटली, पुन्हा चाटली. मला ओरडता येईना की आवळता येईना.

तासाभरात तिच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटले, ती कोसळली.

"तेल पाजू या!" तानाबाई धावल्या.

"नको आत्या, फुप्फुसात जाईल!" स्वप्नालीनं मला ओरबाडून काढलं, डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं तशी औषधाची बाटली बाजूला जपून ठेवली आणि म्हशीचं अंग साध्या पाण्यानं धुऊ लागली. बादलीमागून बादली. "ऊठ गं बाई. ऊठ की."

डॉक्टरांनी बाटली वाचून इंजेक्शन दिलं. "आता उठली तर जगली," एवढंच बोलले.

ऊन डोक्यावर आलं. म्हैस दोनदा गुडघ्यांवर आली, दोनदा पडली. तिसऱ्यांदा थरथरत उभी राहिली. तेव्हा कुठं स्वप्नाली रडली.

तानाबाईंनी मला चिखलातून उचललं, पदरानं पुसलं. खुंटीपर्यंत गेल्या, पण हात वर जाईना.

मित्रांनो, त्यांना कुणीतरी सांगा, मला चुलीत घाला. आठवण म्हणून ठेवलेली वस्तू कामाला काढू नका. काढलीच, तर आधी सांधा. जनावराच्या तोंडाला बांधण्याआधी आमची वीण बोटांनी चाचपा. कारण तळ गेला, तरी लांबून आम्ही मुसकंच दिसतो.