अकरा वाजून सात मिनिटांची यादी

शेलार गावाजवळच्या एका औषधांच्या गोदामात कौसल्यामावशी डिस्पॅचला, माल रवाना करायच्या कामावर होत्या. बारा वर्षं पॅकिंगमध्ये काढून, चाळिशी उलटल्यावर त्या कॉम्प्युटर शिकल्या होत्या. पण २००८च्या उन्हाळ्यात रोज अकराच्या सुमारास सगळ्यांचे स्क्रीन अडकू लागले. बाहेर टेम्पो चलनासाठी खोळंबायचे आणि सगळे मावशींकडे बघायचे.

"त्या काहीतरी उलटंसुलटं दाबतात," मॅनेजर केसरीनाथ म्हणाले. "सोमवारपासून परत पॅकिंगला."

सर्व्हर सांभाळणाऱ्या धम्मदिनाला हे पटलं नाही. तिला इथे लागून सहाच महिने झाले होते. सर्व्हरवरचा देखरेखीचा प्रोग्राम दर मिनिटाचा भार साठवून ठेवायचा, पण नुसत्या आकड्यांत. अकराला भार चढलेला दिसे. कोणामुळे, ते दिसत नसे. ती धावत येऊन बघेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असायचं.

मग तिने एक छोटी कमांड लिहिली. कोणाच्या नावावर कुठलं काम चालू आहे, याची यादी दर मिनिटाला जशीच्या तशी, मजकूर म्हणून, त्या आकड्यांच्याच साठ्यात वेळेसकट जाऊन बसेल अशी. पहिल्या दिवशी ओळी अर्ध्यातच तुटल्या. दुसऱ्या दिवशी जमलं.

गुरुवारी तिने अकरा वाजून सात मिनिटांची यादी उघडली. मावशींच्या नावाची एकच ओळ होती. खाली स्टॉकचा तोच तो रिपोर्ट पाच वेळा, पाचही केसरीनाथांच्या नावावर.

प्रिंट घेऊन ती केबिनपाशी दोनदा गेली आणि परत फिरली. तिसऱ्यांदा आत शिरली.

"साहेब, अकराला तुम्ही रिपोर्ट काढता?"

"हेड ऑफिसचा फोन येतो ना. लवकर येत नाय म्हणून परत परत लावतो. का?"

तिने कागद पुढे केला. "आधीचा थांबत नाही, साहेब. पाचही एकदम चालतात."

केसरीनाथांनी ओळींवरून बोट फिरवलं.

"फोनवर माणूस थांबलेला असतो गं," ते म्हणाले. "मी तरी काय करू?"

"दहालाच आपोआप निघेल असं करून ठेवते. तुम्ही फक्त उघडायचा."

आता हा कागद ड्रॉवरमध्ये जाणार, असं तिला वाटलं. पण ते उठले आणि थेट डिस्पॅचच्या टेबलाशी गेले. "कौसल्याबाई, तुमची काय चूक नव्हती. माझी होती. तुम्ही इथंच राहा." शेवटी आवाज इतका खाली गेला, की टेम्पोवाल्यांना ऐकूच आलं नाही. मावशींना आलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचं चलन काढलं.

जेवणानंतर त्या धम्मदिनाकडे आल्या. "माझं नाव कुठं हाय? दाखव."

तिने ओळ दाखवली.

"एवढंच?"

"एवढंच. तुमचं काम सर्व्हरला सगळ्यांत हलकं."

"त्याला असंल. माझी कंबर मोडते," मावशी हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पुसून तर न्हाय ना जाणार?"

"वर्षभर राहील."

"राहू दे," असं म्हणून त्या चष्मा पुसत स्क्रीनजवळ वाकल्या आणि ती ओळ त्यांनी पुन्हा एकदा, अक्षर अक्षर लावून वाचली.