धानाच्या रांगेत दवाखान्याचा डबा

पुराचं मले नवल सांगू नका. वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण नव्हतं तेव्हाचे आम्ही पवनीकडचे लोक, पूर म्हणजे आमच्या घरचा पाहुणा. पण त्या भादव्यात नदी घुसली ती अर्धं गाव खाऊनच परतली. दवाखान्याची एक भिंत बसली, आत गुडघाभर चिखल, औजारं वाफवायची मशीन कुठं वाहून गेली कोणाले ठाऊक. रस्ता तुटला होता, भंडाऱ्याले जायची सोयच राहिली नाही.

दुसरे कोणी असते तर टाळं ठोकून मोकळे झाले असते. आमच्या घनश्याम डॉक्टरची अन् निर्मला सिस्टरची, दोघांचीही घरं पाण्यात होती. दोघांनीही तिकडं ढुंकून पाहिलं नाही. दरवाजे उखडून त्यांच्यावर एकेक बिमार उचलला अन् टेकचंद सेठच्या धानगिरणीत नेला, कारण गावात तेवढीच जागा उंचावर होती. कोंड्याच्या गोदामात दवाखाना सुरू झाला. पडदे कशाचे, तर सिस्टरच्या नेसायच्या लुगड्यांचे. एकही बिमार दगावला नाही. मी गोदावरी म्हणजे फटकळ तोंडाची बाई, माह्या तोंडून कोणाची तारीफ निघत नाही. पण त्या दोघांचे पाय धुऊन पाणी प्यावं असं मले वाटलं, खोटं कायले बोलू.

माही लेक तुळसा त्याच गोदामात बाळंतपणाच्या कळा सोसून राहिली होती. पहिलटकरीण, अन् पोर आडवं. डॉक्टरनं मले बाजूले नेऊन सांगितलं, पोट कापून पोर काढावं लागते, नाहीतर दोघंही हातचे जातील. मंग कापा ना, कोणाची वाट पाहून राहिले, असं मी म्हटलं. तर ते म्हणाले, चिखलातून काढलेली औजारं आहेत, वाफेत निघाल्याशिवाय मी हात लावणार नाही, आज वाचलेली पोरगी उद्या जहर चढून जाईल.

वाफ गिरणीतच होती. उकड्या तांदळासाठी धान वाफवायची मोठी टाकी अन् तिच्याखाली कोंड्याची भट्टी. साऱ्या गावात कोरडं जळण म्हणाल तर तेवढंच. सिस्टरनं औजारं अन् कपडे एका पत्र्याच्या डब्यात भरले, माह्या जावयाच्या हाती दिले अन् बजावलं, टाकीत दुसरं काही नको, वाफ झाली की तसाच बंद डबा आणा.

जावई म्हणजे तुलाराम. गरीब गाय. गेला तो गेलाच. इकडं तुळसाचं ओरडणं कमी कमी होत गेलं, अन् मले त्याचीच जास्त धास्ती वाटली. मी उठली अन् टाकीकडं धावली.

तिथं बायांची रांग लागली होती. पुरात भिजलेलं धान लगेच मोड धरते, उकडलं तरच हाती लागते. टाकी एकच, एकदा भरून पेटवली की लवकर उघडत नाही. अन् त्या गिरणीचा नेम असा, की खुद्द सेठचं धान असलं तरी नंबर मोडायचा नाही. तर आमचा जावई साऱ्या टोपल्यांच्या मागं, डबा मांडीवर घेऊन उकिडवा बसला होता. नंबर लावून!

आमच्यात सासू जावयासमोर तोंड उघडत नाही. मी डोईवरचा पदर मागं टाकला अन् म्हटलं, "तुमची बायको मरून राहिली, अन् तुमी नंबर लावून बसले?"

त्यानं मान खाली घातली. साऱ्यांचंच धान सडून राहिलं, कोणत्या तोंडानं पुढं जाऊ, असं पुटपुटला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या बिचाऱ्याच्या. माह्या रागाचं पाणी पाणी झालं. मी डबा घेतला अन् पुढं गेली.

पहिला नंबर बायजाबाईचा होता. नवरा नाही, पदरात तीन लेकरं, अन् घरात तेवढंच धान, तेही मोडावर आलेलं. तिची टाकी भरून झाली होती, आता पेटवायचीच बाकी होती. तिले काय म्हणावं मी? इकडं माही लेक, तिकडं तिच्या लेकरांच्या तोंडचा घास. मी नुसता डबा तिच्यासमोर ठेवला.

तिनं डब्याकडं पाहिलं, मंग गोदामाकडं पाहिलं. कमरेले पदर खोचला, टाकीवर चढली अन् दोन्ही हातांनी आपलंच धान उपसून खाली टाकायले लागली.

"धान पुन्हा रोवता येते, गोदावरी," ती म्हणाली. "ठेव डबा."

मंग साऱ्या बाया टाकीले भिडल्या. घडीभरात टाकी धुऊन निघाली, भट्टी पेटली. वाफ निघाल्यावर सिस्टर स्वतः येऊन डबा घेऊन गेली. सेठनं गिरणीचं इंजिन बंद करवलं, डॉक्टरले आवाजाचा तरास नको म्हणून. बायजाबाईचं काही धान या गडबडीत चिखलात गेलंच होतं. तिची टाकी पुन्हा भरताना रांगेतल्या एकेकीनं आपल्या टोपलीतलं ओंजळ ओंजळ धान तिच्यात टाकलं. कोणी कोणाले सांगितलं नाही.

पोर रडलं ते साऱ्यांनी ऐकलं. बाया माह्याकडं पाहून हसल्या. मले काही हसू येईना. पोर रडलं, पण माही पोर?

पडदा सरकवून सिस्टर बाहेर आली. घामानं न्हाली होती, पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. नात झाली म्हणाली. अन् मंग म्हणाली, "तुळसा पाणी मागून राहिली. प्यायले द्यायचं नाही अजून. नुसते ओठ ओले करा."

मी आत गेली. ओला कापूस तुळसाच्या ओठांले लावला, तर ती तान्ह्या लेकरासारखी चोखायले लागली.

"माय, आणखी दे ना," ती म्हणाली.

मी सिस्टरकडं पाहिलं. तिनं मानेनं नाही म्हटलं. मी तुळसाले नाही म्हटलं, तर ती रागानं तोंड फिरवून पडली, अन् मी भिंतीले टेकून पोटभर रडली.